‘कोंबडीला काहीतरी झाले’ हे निदान नव्हे




पावसाळा तोंडावर आला की खेड्यापाड्यांत एक बातमी हमखास कानावर येते : अमक्याच्या कोंबड्यांना मर लागली. काल दाणे टिपणारी कोंबडी सकाळी खुराड्यात मान टाकून पडलेली असते, दुसरी हिरवट पातळ हगते, तिसरीचे अंडे बंद झालेले असते. कारण विचारावे तर ‘हवा बदलली’, ‘साथ आहे’, ‘काहीतरी झाले’. मग कोणी सांगते म्हणून माणसांच्या औषधाची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवली जाते. उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकल्या जातात आणि मेलेल्या ओढ्यात टाकल्या जातात. रोगाचा पुरावाही त्यांच्याबरोबर वाहून जातो. परसातल्या कोंबड्यांच्या ज्या आजारांना अज्ञात म्हटले जाते, त्यांतले बहुतेक फक्त न तपासलेले असतात. आणि त्याचा दोष कोंबड्या पाळणाऱ्या बाईपेक्षा यंत्रणेकडे अधिक जातो.

हा विषय किरकोळ नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. आधीच्या, २०१२च्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. त्याच काळात व्यावसायिक फार्मवरचे पक्षी जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढले. वाढ परसात झाली, लस आणि तपासणीची व्यवस्था मात्र फार्मच्या मापाचीच राहिली.

आधी अंड्यांचे पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. गावठी कोंबडी डझनभर अंडी घालून खुडूक बसते, २१ दिवस उबवते आणि मग पिल्ले सांभाळते. एवढ्या काळात ती अंडी देत नाही आणि देऊही नये. पिसे झडून नवी येतानाही दोन-तीन महिने अंडे थांबते. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवसच ११ तासांचा असतो. यातले काहीही औषधाने बरे करण्याजोगे नाही. पण अंड्याचे कवच कागदासारखे पातळ निघू लागले, कवचाविना नुसती पिशवी पडू लागली, तर आधी आहार तपासायला हवा. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि शंभर ग्रॅम ज्वारीत जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. नुसती ज्वारी-कण्या खाणारी कोंबडी बाकीचे कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. मग ती लंगडते, तिचे अंडे आत अडकते, आणि घरात म्हणतात, नजर लागली. कोकणात शिंपल्यांचा चुरा फुकट मिळतो. इतरत्र चुनखडीची भरड चालते. एका वाटीत ती वेगळी ठेवली की कोंबडी गरजेपुरती खाते.

शिंपल्यांचा चुरा देऊनही कवच सुरकुतलेले आणि पांढरा बलक पाण्यासारखा राहिला, तर मात्र श्वसनाच्या विषाणूचा संशय घ्यावा लागतो. तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून बसली तर मॅरेक्स या रोगाचा. मॅरेक्सची लस पिल्लू एक दिवसाचे असताना, उबवणी केंद्रातच द्यायची असते. दारावर पिल्ले विकायला येणाऱ्याला ती दिली आहे का, हे विचारलेच पाहिजे.

सर्वांत जास्त परसे रिकामी करते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. ती विषाणूची असल्याने कॅप्सूलचा तिच्यावर काडीचा उपयोग नाही. लस मात्र उत्तम आहे आणि स्वस्तही आहे. अडचण कुपीची आहे. लस येते शंभर, पाचशे, हजार मात्रांच्या कुपीत. शीतपेटीत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या बाईने ती आणायची कशी? ऑस्ट्रेलियात खास गावठी कोंबड्यांसाठी उष्णता सोसणारी ‘आय-२’ ही लस तयार झाली. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातलीच माणसे डोळ्यात थेंब टाकून ती देतात. आपल्याकडे ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी गावोगावी आहेत. ठरलेल्या दिवशी साऱ्या गावाच्या कोंबड्यांना एकाच कुपीतून लस दिली, तर मात्रा वाया जाणार नाहीत आणि खर्चही घराघरांत वाटला जाईल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चार-पाचशे रुपयांच्या कोंबडीसाठी शवविच्छेदन कोण करणार? एका कोंबडीचा हिशेब केला तर हे म्हणणे बरोबर वाटेल. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केले. पहिल्या चार कोंबड्यांची मर तपासली जाणे ही माणसांच्याही आरोग्याची गरज आहे.

तपासणीने काय साधते याचा एक दाखला मोठा आहे. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण कळेना म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. शोध थांबला नाही, म्हणून ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड सापडली आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. आपल्याकडे पावसात भिजलेला मका आणि वास मारणारी पेंड आजही ‘कोंबड्यांना चालते’ म्हणून टाकली जाते. ती टाकू नये.

पशुसंवर्धन विभागाकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. प्रत्येक गावात लसीकरणाचा दिवस ठरवून तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. आणि मेलेला पक्षी तालुक्याच्या दवाखान्यात स्वीकारून नमुना पुढे पाठवण्याची व रोगाचे नाव मालकाला कळवण्याची सोय करावी. पुण्यात औंधला रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे, पण गडचिरोलीच्या बाईने तिथवर पोहोचावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

वाचकांनाही विनंती आहे. एखादी कोंबडी मेली तर ती पिशवीत घालून बर्फावर ठेवावी, गोठवू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावी. एकदम अनेक मेल्या तर हात न लावता १९६२ या क्रमांकावर किंवा ग्रामपंचायतीत कळवावे. साथीच्या रोगाची खबर देणे २००९च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. आणि आजारी कळपातली कोंबडी बाजारात नेऊ नये.

आपली,
एक वाचक