दहावीतून हद्दपार झालेला डार्विन

माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त चुकीचा, असा शोध तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत लावला. (आजचे माकड माणसाचा आजोबा आहे, असे डार्विन म्हणालाच नव्हता, दोघांचा पूर्वज एक, एवढेच त्याचे प्रतिपादन.) देशातील तीन विज्ञान अकादमींनी प्रतिवाद केला, लोक हसले आणि विसरले. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या पाठाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेध नोंदविला. त्यावर खुलासा आला की, बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच.

हा खुलासा कोणाच्या सोयीचा? दहावीनंतर आयटीआय किंवा वाणिज्य शाखा धरणाऱ्या कल्याणच्या मुलाने बारावीचे जीवशास्त्र वाचावे तरी कोठे? राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या पुस्तकात उत्क्रांती पहिल्याच पाठात आली, ही समाधानाची गोष्ट खरी. पण केंद्रीय मंडळाच्या शाळेतील मुलाला ती मिळाली नाही.

आणि उत्क्रांती पाहायला लाखो वर्षे मागे जावे लागत नाही. कल्याणहून लोकलच्या गर्दीत मुंबई गाठणाऱ्या मजुराला क्षय झाला, तर ती त्याच्या फुप्फुसातच घडू शकते. कोट्यवधी जंतूंपैकी एखाद्यात योगायोगाने असा बदल झालेला असतो की, एक औषध त्याला मारू शकत नाही. तेच एक औषध दिले, तर बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. म्हणूनच चार औषधे एकत्र सुरू करतात व उपचार किमान सहा महिने चालवितात. चारही औषधांना पुरून उरणारा जंतू आढळणे जवळजवळ अशक्य असते. निसर्गनिवड ती हीच. तिचा अर्थ ‘बळी तो कान पिळी’ असा लावणारे भांडवलशाहीचे भाट येथे उघडे पडतात, कारण औषध नसेल तेव्हा हाच जंतू पुष्कळदा इतरांहून दुबळा ठरतो.

खोकला थांबला आणि रोजंदारी बुडते, म्हणून मजूर मध्येच गोळ्या सोडतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गोळ्या का सोडू नयेत, हे ज्या पाठाने त्याच्या मुलाला समजले असते तोच पाठ ‘अभ्यासाचा भार’ ठरविला गेला. आणि मार्च २०२४ मध्ये तर क्षयाच्या औषधांचा सरकारी पुरवठाच तुटला व राज्यांनी ती स्थानिक पातळीवर खरेदी करावीत, असे केंद्राला कळवावे लागले.