आधी फुटेज पाहा, मग संगणक

घरी व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक घ्यायचा म्हटलं की बोलणं दोनच गोष्टींवर सुरू होतं: प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक कार्ड किती जीबीचं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं दुकान, कोटेशन याच दोन ओळींभोवती बांधलं जातं आणि अनेकदा ते मुळात गेमिंगच्या पीसीचं असतं. लग्नाची शूटिंग करणारी तरुण मुलं, पाककृतींचे चॅनेल चालवणाऱ्या गृहिणी, धडे चित्रित करणारे शिक्षक, गावच्या नाटकाचे आणि कीर्तनाचे प्रयोग टिपून ठेवणारे हौशी लोक, यांतल्या अनेकांसाठी हा वर्षभराचे हप्ते फेडायला लावणारा खर्च आहे. तो चुकीच्या जागी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी निवडीची दिशाच उलटी करायला हवी. आपला कॅमेरा किंवा मोबाइल कोणत्या प्रकारची फाइल तयार करतो, हे आधी पाहावं आणि मग संगणक ठरवावा.

कारण एडिटिंगमध्ये संगणक खरा दमतो तो फाइल उलगडताना. फोर-के चित्राच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात आणि अशा २५ किंवा ३० चौकटी दर सेकंदाला दाखवायच्या असतात. एवढी माहिती साठवणं अशक्य म्हणून कॅमेरा ती दाबून ठेवतो. २००३ साली आलेली एच.२६४ आणि २०१३ साली आलेली एच.२६५ या त्याच्या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धती. त्यांत पूर्ण चित्र अधूनमधून एखाद्याच चौकटीचं साठवलं जातं. मधल्या चौकटींमध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रांपेक्षा काय बदललं त्याची नोंद असते. व्हिडिओ नुसता बघायचा तर हे सोपं जातं, कारण चौकटी ओळीने येतात. एडिटर मात्र सारखा मागे-पुढे जातो, मध्येच थांबतो, कापतो. मधल्या एका चौकटीवर थांबायचं तरी संगणकाला आजूबाजूच्या अनेक चौकटी सोडवाव्या लागतात. जी फाइल प्लेअरमध्ये सुरळीत चालते तीच टाइमलाइनवर का अडकते, याचं उत्तर इथे आहे. डिस्कचा वेग हे बहुधा त्याचं कारण नसतं. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रित केलेल्या फाइलला सेकंदाला फक्त साडेबारा मेगाबाइट वाचावे लागतात. साधी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट देते.

हे उलगडण्याचं काम करणारा स्वतंत्र भाग आजच्या चिपमध्येच बसवलेला असतो, पण तो प्रत्येक प्रकारची फाइल ओळखत नाही. २०२० नंतरचे बरेच चांगले कॅमेरे १०-बिट ४:२:२ या, रंगांची अधिक माहिती ठेवणाऱ्या मापात एच.२६५ चित्रण करतात. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना, कितीही महाग असली तरी, हे स्वरूप हार्डवेअरवर उलगडता येत नाही. ती सोय २०२५ साली आलेल्या ५० मालिकेपासून मिळाली. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या साध्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमतं. मात्र ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतं, त्यात हे अंगभूत ग्राफिक्स चालू नसतं. दुकानदार थोडे पैसे वाचवून देतो म्हणून ‘एफ’चा प्रोसेसर आणि जोडीला महागडं कार्ड घेतलं, तर अशा फुटेजसाठी नेमकी हवी ती गोष्टच हातची जाते. मोबाइलचं नेहमीचं चित्रण ४:२:० असतं आणि ते बहुतेक नव्या चिप सहज पेलतात. म्हणजे फक्त मोबाइलवर शूट करणाऱ्याला या काळजीचं कारण नाही, आणि भारी कार्डाचंही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की एडिटिंग म्हणजे निव्वळ कापाकापी नव्हे. रंगसंस्कार, चित्रातला खरखरीतपणा घालवणं, इफेक्ट या सगळ्याला ग्राफिक कार्ड लागतंच. हे खरं आहे, आणि डाव्हिंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर तर कार्डावर बरंच विसंबून असतं. रोजचं कामच ते असेल तर कार्डावर अवश्य खर्च करावा. पण घरगुती कामाचा मोठा भाग निवडणं, कापणं, जोडणं, आवाज नीट करणं हाच असतो, आणि तिथे संगणक कमी पडला तर प्रॉक्सीचा मार्ग आहे: मूळ फाइलींच्या हलक्या प्रती करायच्या, त्यांवर काम करायचं आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरून करायचा. ही गरिबीतली तडजोड नव्हे. ‘कोल्ड माउंटन’ हा २००३ सालचा चित्रपट वॉल्टर मर्च यांनी बाजारात कुणालाही मिळणाऱ्या पॉवर मॅक जी-४ संगणकांवर, मूळ निगेटिव्हऐवजी कमी दर्जाच्या प्रती वापरून संकलित केला आणि त्या संकलनाला ऑस्करचं नामांकन मिळालं. २०१९ चा ‘पॅरासाइट’ तर अ‍ॅपलने २०११ मध्येच विक्री थांबवलेल्या फायनल कट प्रो ७ वर कापला गेला. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो हे मान्य, पण ते काम रात्रभर माणसाशिवाय चालतं. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत आणि केडेनलाइव्हसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे.

दुसरा आक्षेप भविष्याचा: आज भारी मशीन घेतलं तर पाच वर्षं बघायला नको. पण डेस्कटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येते, डिस्क जोडता येते, कार्ड बदलता येतं. आज १६ जीबी रॅमवर सुरुवात करून पुढे ३२ वर जाणं यात काही गैर नाही. लॅपटॉपचं बहुधा तसं नसतं, शिवाय लांब एक्स्पोर्टच्या वेळी तापून त्याचा वेग उतरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे हमखास घडतं. प्रवासात काम करायचं नसेल तर त्याच पैशात डेस्कटॉप सरस ठरतो. २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांना आलेला एम-४ चिपचा मॅक मिनी हा माझ्या मते प्रामाणिकपणे विचारात घ्यावा असा पर्याय आहे, कारण तो ४:२:२ आणि अ‍ॅपलचं प्रोरेस हे स्वरूप, दोन्ही उलगडतो. त्याच्या २५६ जीबी जागेवर बाहेरची एसएसडी जोडून मार्ग निघतो. रॅम मात्र कधीच वाढवता येत नाही, म्हणून ती घेतानाच ठरवावी लागते.

यातून वाचलेला पैसा साठवणीकडे वळायला हवा, आणि कोटेशनात ती शेवटच्या ओळीत असते याचं मला फार वाईट वाटतं. १०० मेगाबिटच्या चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे चार तास चालले की ३६० जीबी झाले. चालू काम एसएसडीवर ठेवावं, पण झालेल्या कामाच्या निदान दोन प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि शक्य तर दोन वेगळ्या घरांत असाव्यात. एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून यूपीएसही हिशेबात धरावा. आणि पैसे देण्याआधी आपलंच फुटेज पेनड्राइव्हवर दुकानात न्यावं, टाइमलाइनवर दोन थर एकमेकांवर ठेवावेत आणि ते उलट दिशेने चालवून पाहावेत. जो दुकानदार हे करू देतो, त्याच्याकडे दोन हजार रुपये जास्त पडले तरी मी तिथूनच घ्या असं सांगेन.