निर्वेतन सेवा कीं निरंकुश सत्ता?

सार्वजनिक कार्याच्या क्षेत्रांत एक समजूत फार दिवस अबाधित नांदत आली आहे. ती अशी कीं, जो मनुष्य एक पैही न घेतां काम करतो त्याच्या कामाची चिकित्सा करूं नये. केल्यास ती कृतघ्नता होय. ही समजूत वरकरणी उदार दिसते. परंतु तिच्या आश्रयानें जितका मनस्वी कारभार चालतो, तितका उघड लोभाच्या आश्रयानेंही चालत नसेल. लोभी मनुष्यास जाब विचारतां येतो. त्यागी मनुष्यास तो विचारावयाची आपणांस लाज वाटते. या लाजेची किंमत अखेर कोणास मोजावी लागते, हें दाखविण्यासाठीं आम्ही आज अमेरिकेंतील विद्यार्थिनींच्या राष्ट्रीय भगिनीमंडळांचें उदाहरण घेणार आहों.

तिकडे या मंडळांस ‘सोरॉरिटी’ म्हणतात. लॅटिन भाषेंतील भगिनीवाचक शब्दापासून हें नांव निघालें आहे. आमच्याकडील ज्या वाचकांनीं हीं मंडळें केवळ चित्रपटांत पाहिलीं असतील, त्यांस तीं नटणें-मुरडणें व मेजवान्या यांचीं स्थानें वाटत असतील. तो समज एकांगी आहे. १८६७ सालीं इलिनॉय संस्थानांतील मन्मथ कॉलेजांत बारा विद्यार्थिनींनीं जें मंडळ काढलें तें पुढें ‘पाय बीटा फाय’ या नांवानें प्रसिद्ध झालें. १८७० सालीं इंडियाना संस्थानांतील ग्रीनकॅसल येथें, जें कॉलेज आज डीपॉ विद्यापीठ म्हणून ओळखलें जातें तेथें, ‘कॅप्पा अल्फा थीटा’ हें मंडळ चौघींनीं स्थापिलें. मुलींना कॉलेजांत प्रवेश मिळून त्या वेळीं अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. ज्या वर्गांत आपण नको आहों हें क्षणोक्षणीं जाणवतें, त्या वर्गांत टिकून राहण्यासाठीं मुलींनीं एकमेकींचा हात धरला, हा या मंडळांचा खरा उगम होय. १९०२ पासून त्यांची एक संयुक्त परिषदही आहे व तींत आज सव्वीस मंडळें आहेत.

गोऱ्यांच्या मंडळांत ज्यांना थारा नव्हता त्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनीं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत १९०८ सालीं ‘अल्फा कॅप्पा अल्फा’ व १९१३ सालीं ‘डेल्टा सिग्मा थीटा’ अशीं आपलीं स्वतंत्र मंडळें उभारलीं. यांपैकीं दुसऱ्या मंडळाच्या सभासदांनीं स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आंतच, ३ मार्च १९१३ रोजीं, स्त्रियांच्या मताधिकारासाठीं निघालेल्या वॉशिंग्टनच्या मिरवणुकींत भाग घेतला. पहिल्या मंडळाच्या सभासद कमला हॅरिस या २०२१ ते २०२५ या काळांत अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या. तेव्हां हा विषय पोरखेळाचा नव्हे.

या मंडळांचा व्याप चालवितें कोण? प्रत्येक विद्यापीठांत मंडळाची एक शाखा असते व तिचा रोजचा कारभार अठरा ते बावीस वर्षांच्या मुली पाहतात. त्यांच्या वर, पदवी घेऊन बाहेर पडलेल्या जुन्या सभासदांतून निवडलेलें एक राष्ट्रीय कार्यकारी मंडळ असतें. या बायका शिक्षिका असतात, वकील असतात, गृहिणी असतात. संध्याकाळीं घरचें उरकून त्या मंडळाचें दप्तर उघडतात. पगार त्यांना नसतो. मुख्य कचेरींत पगारी नोकर असतात, पण धोरण ठरवावयाचें तें या निर्वेतन मंडळानें. शिवाय शाखाशाखांना सल्ला देणाऱ्या व मंडळाच्या मालकीच्या वास्तूंची व्यवस्था पाहणाऱ्या जुन्या सभासद निराळ्याच. त्याही निर्वेतन.

या निर्वेतन श्रमांतून केवढें काम उभें राहूं शकतें, याचा दाखला इतिहासांतच आहे. १९३५ पासून १९४२ पर्यंत अल्फा कॅप्पा अल्फाच्या डॉक्टर, परिचारिका व शिक्षिका सभासद मिसिसिपी संस्थानांतील कापसाच्या मळ्यांवर उन्हाळ्यांत जाऊन गरीब मजुरांना औषधोपचार देत व मुलांना देवी आणि घटसर्प यांच्या लशी टोंचीत. मळेवाल्यांनीं मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊं दिलें नाहीं, तेव्हां या बायकांनीं दवाखानाच मोटारींत घालून मळ्यांवर नेला. या कार्याच्या सूत्रधार डॉ. डोरोथी फेरेबी पुढें १९३९ ते १९४१ पर्यंत त्या मंडळाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. अशा सेवेपुढें आम्ही नम्र आहों. ‘स्वयंसेवी नेतृत्व म्हणजे हौशी बायकांचा वेळ घालविण्याचा उद्योग’ असें म्हणणाऱ्या टीकाकारांशीं आमचें काडीचेंही सख्य नाहीं.

परंतु सेवा ही एक गोष्ट आणि सत्ता ही दुसरी. राष्ट्रीय मंडळाच्या हातीं शाखेची सनद असते. ती काढून घेतली कीं शाखा मेली. वर्गणी किती, नियम कोणते, कोणत्या मुलीस ठेवावयाची व कोणतीस काढावयाची, यांवर त्याचा शब्द अखेरचा. ज्या वास्तूंत मुली राहतात तिच्या किल्ल्याही बहुधा जुन्या सभासदांच्याच हातीं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या दृष्टीनें हें घर, मैत्रिणी व प्रतिष्ठा यांवरील राज्यच नव्हे काय? आणि ज्याला राज्य म्हणावें त्याला जाब विचारण्याची सोय असावी, हा नियम राज्यकर्ता पगार घेतो कीं नाहीं यावर अवलंबून कसा असेल?

ग्रीनकॅसल येथील त्याच डीपॉ विद्यापीठांत २००६ च्या अखेरीस काय घडलें तें पाहा. ‘डेल्टा झीटा’ मंडळाच्या तेथील शाखेंतील सभासदांची संख्या घटली होती. राष्ट्रीय प्रतिनिधींनीं येऊन मुलींच्या मुलाखती घेतल्या आणि पसतीस जणींपैकीं तेवीस जणींस, तुम्ही आतां विद्यमान सभासद नसून माजी सभासद झालां, तेव्हां घर सोडावें, असें कळविलें. काढलेल्यांत स्थूल बांध्याच्या झाडून साऱ्या मुली होत्या, आणि शाखेंतील एकुलत्या एक कृष्णवर्णीय, कोरियन व व्हिएतनामी मुलीही होत्या, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. नवीन सभासद मिळविण्याच्या कामीं ज्यांची तळमळ दिसली नाहीं त्यांसच काढलें, असा खुलासा मंडळानें केला. राहूं दिलेल्या बारा जणींपैकीं सहा जणींनीं संतापून स्वतःच मंडळ सोडलें. शेवटीं मार्च २००७ मध्यें विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं त्या शाखेची मान्यता काढून घेतली. मंडळाचा खुलासा क्षणभर खरा धरला तरी प्रश्न उरतोच. तळमळ मोजण्याचें माप कोणतें होतें? निकालाविरुद्ध दाद मागावयाची ती कोठें? मंडळाच्या आंत या तेवीस मुलींना असा एकही दरवाजा नव्हता कीं जो ठोठावल्यास निर्णय करणारीहून निराळें कोणी तो उघडील. न्याय मिळाला तो बाहेरच्या विद्यापीठाकडून, आणि तोही वृत्तपत्रांनीं ओरड केल्यावर.

दुसरें उदाहरण अलाबामा विद्यापीठाचें. १९६३ च्या जून महिन्यांत दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडविण्यासाठीं त्या संस्थानचा गव्हर्नर स्वतः ज्या विद्यापीठाच्या दारांत उभा राहिला होता, तेंच हें. त्या गोष्टीला पन्नास वर्षें झालीं त्या २०१३ सालीं तेथील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानें असें उघडकीस आणलें कीं, गुणांनीं सर्वथा योग्य अशा एका कृष्णवर्णीय मुलीला शाखेंतील विद्यार्थिनी घ्यावयास तयार असतांही जुन्या सभासदांनीं आड येऊन तिचें नांव गाळावयास लावलें. यावरून मोठा गहजब झाला, विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं निवड पुन्हा खुली करावयास लावली, आणि त्याच महिन्यांत कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणें जाऊन कांहींनीं तीं स्वीकारलींही. विशेष हें कीं, येथें तरुण पिढी न्यायाच्या बाजूस होती, आणि तिचा हात धरून ठेवणाऱ्या त्या ‘मंडळासाठीं आयुष्य वेंचलेल्या’ वडील भगिनी होत्या.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा कीं, फुकट राबणाऱ्या बायकांना असे कठोर शब्द बोलल्यास उद्यां कोणी पुढें येणारच नाहीं. आम्ही उलट विचारतों, जी बाई प्रश्नाला भिऊन मागें सरते ती सेवेसाठीं आली होती कीं मानासाठीं? आणि दुसरें असें कीं, हें काम खरोखर फुकट असतें काय? प्रतिष्ठा, ओळखी, ‘राष्ट्रीय अध्यक्षा’ हें बिरुद, हजारों मुलींच्या आयुष्यावर चालणारा शब्द, हीं सारीं वेतनेंच आहेत. फक्त हिशेबाच्या वहींत तीं दिसत नाहींत.

दुसरा आक्षेप परंपरेचा. मुली चार वर्षांच्या पाहुण्या, जुन्या सभासद जन्माच्या. तेव्हां मंडळाचें हित कशांत आहे हें त्यांनींच ठरवावें. पण परंपरा मोडूं पाहणाऱ्यांनींच पुष्कळदां परंपरा निर्माण केली आहे. अल्फा कॅप्पा अल्फामधील बावीस विद्यार्थिनींना मंडळाचें रूप पालटावें असें वाटलें. नुकतीच पदवी घेतलेल्या नेली क्वांडर यांनीं जुनें मंडळ राखण्यासाठीं कंबर कसली. आणि १९१३ च्या जानेवारींत एकीकडे डेल्टा सिग्मा थीटाचा जन्म झाला, तर दुसरीकडे जुन्या मंडळाची कायदेशीर नोंदणी होऊन त्याचा पाया पक्का झाला. आज दोहोंचाही लौकिक मोठा आहे. तरुणांचें म्हणणें ऐकून घेतल्यानें मंडळें बुडतात असें मानावयास या इतिहासांत आधार नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. तो म्हणतो, सारा कारभार पगारी तज्ज्ञांच्या हातीं द्या म्हणजे झालें. आम्हांस हें मान्य नाहीं. पगारी अधिकारी आपल्या मालकाला जबाबदार असतो, आणि येथें मालक तेंच राष्ट्रीय मंडळ! दोष वेतन नसण्यांत नाहीं, जबाबदारी नसण्यांत आहे. मात्र निर्वेतन पद्धतीची एक खोड स्पष्ट सांगितली पाहिजे. जिच्या घरीं पैशाचा व वेळेचा तोटा नाहीं तीच बाई वर्षानुवर्षें स्वखर्चानें मुलुखभर हिंडूं शकते. त्यामुळें त्यागाच्या नांवाखालीं सत्ता एका सुस्थित वर्गांतच फिरत राहते, आणि तो वर्ग आपल्या अभिरुचीलाच मंडळाचें ध्येय समजूं लागतो. नामनिर्देशन समितीनें एका जागेस एकच नांव सुचवावें व अधिवेशनानें टाळ्या वाजवून तें मान्य करावें, हा कित्येक मंडळांतील प्रघात ही खोड अधिकच पक्की करतो.

निर्वेतन कार्य जबाबदारीनें चालूं शकतें, याचें एक उदाहरण आमच्या इतिहासाशीं जोडलेलें आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्यास साह्य करण्यासाठीं डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झालें. गांवोगांवच्या अमेरिकन स्त्री-पुरुषांनीं वर्षाला किमान एक डॉलर याप्रमाणें दहा वर्षें देण्याचें वचन दिलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. या असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध होत. कार्याची मुदत आरंभींच ठरलेली होती. ती संपतांच १८९८ सालीं जुनें असोसिएशन विसर्जित होऊन नवी घटना झाली. इकडे पुण्याच्या सल्लागार मंडळांतील न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांना सदनाचें धोरण पटेनासें झालें, तेव्हां १८९३ मध्यें त्यांनीं कारणें देऊन राजीनामे दिले. त्या वादांत बाजू कोणाची खरी हा येथें प्रश्न नाहीं. डॉलर देणाऱ्याला हिशेब मिळत होता आणि मतभेद कारणांसह उघड मांडला जात होता, इतकेंच आमचें सांगणें. त्या मंडळींनाही पगार नव्हता.

तेव्हां आमची मागणी फार मोठी नाहीं. राष्ट्रीय मंडळाच्या प्रत्येक जागेसाठीं खरी निवडणूक व्हावी. पदाची मुदत ठरलेली असावी. विद्यमान विद्यार्थिनींना त्या मंडळांत मतासह जागा असाव्यात. कोणाही मुलीस काढण्यापूर्वीं लेखी कारण द्यावें व अपील ऐकणाऱ्या व्यक्ति निर्णय करणाऱ्यांहून निराळ्या असाव्यात. जमाखर्च प्रत्येक सभासदास पाहावयास मिळावा. आणि गरीब सभासदासही पद स्वीकारतां यावें म्हणून प्रवासखर्च संस्थेनें सोसावा. यांतील एकाही सुधारणेनें खऱ्या सेविकेच्या केसालाही धक्का लागणार नाहीं.

आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटूं नये. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुली आज त्याच विद्यापीठांत शिकत आहेत. १९९८ सालीं ह्यूस्टन विद्यापीठांत ‘डेल्टा फाय ओमेगा’ हें दक्षिण आशियाई परंपरेशीं नातें सांगणारें भगिनीमंडळ निघालें, आणि त्याच सुमारास तशींच आणखीही निघालीं. हीं मंडळें वयानें लहान आहेत. त्यांच्या संस्थापिका आतां वडील भगिनी होऊं लागल्या आहेत आणि अधिकाराची खुर्ची त्यांच्या ओळखीची होत चालली आहे. ज्या दिवशीं एखादी अठरा वर्षांची मुलगी उठून ‘हें असें कां?’ म्हणून विचारील, त्या दिवशीं तिला ‘आम्ही तुमच्यासाठीं एवढें केलें’ हें उत्तर मिळतें, कीं प्रश्नाचें उत्तर मिळतें, यावर त्या मंडळांची योग्यता ठरेल. पहिलें उत्तर देणाऱ्या बाईनें कितीही केलें असो, तिनें आपली खुर्ची रिकामी करावी, हेंच तिच्या मंडळाच्या हिताचें आहे.