पॉइंट म्हणजे ठेव नव्हे

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुम्ही बँकेत होता, जरा बघा," म्हणाले. एका विमान कंपनीच्या योजनेत त्यांचे ४० हजारांवर पॉइंट जमले होते. मुलीकडे जाण्यासाठी त्यांनी ते राखून ठेवले होते. आता त्याच प्रवासाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पॉइंट लागत होते. "ठेव तेवढीच आहे, मग कमी कशी पडते?" असा त्यांचा प्रश्न होता.

मला त्यांना सांगावे लागले की ती ठेव नव्हतीच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे पॉइंट जमलेले असतात, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

बँकेत मुदत ठेव ठेवली की पावती मिळते. व्याजदर ठरलेला असतो आणि मुदतीच्या मध्ये बँक तो कमी करू शकत नाही. बँक बुडालीच, तर ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. शिवाय नॉमिनीची नोंद असते. पॉइंटना यातले काहीही नाही. किती पॉइंटना तिकीट द्यायचे हे कंपनी ठरवते आणि कंपनीच बदलते. बहुतेक योजनांच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते की पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही. सभासद वारला तर पॉइंट वारसांना मिळतील की नाही, हेही त्या त्या योजनेच्या अटींवरच अवलंबून असते.

आज दिसते त्या स्वरूपातील या योजनांची सुरुवात अमेरिकेत झाली. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये आपली योजना आणली. विमानातील रिकामी खुर्ची म्हणजे संध्याकाळची कोथिंबीर. विमान सुटले की तिची किंमत शून्य. तीच खुर्ची नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस म्हणून दिली तर कंपनीचा खर्च फारसा होत नाही आणि गिऱ्हाईक बांधले जाते. पुढे यात क्रेडिट कार्डे आली आणि हिशेबच बदलला. विमान कंपन्या बँकांना पॉइंट घाऊक विकू लागल्या आणि बँका ते कार्डधारकांना वाटू लागल्या.

हा धंदा किती मोठा झाला ते २०२० साली जगाला कळले. करोनात विमाने जमिनीवर होती. तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. कंपनीने त्या योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवले होते. संपूर्ण कंपनीचे शेअर बाजारातील मूल्य तेव्हा त्याहून बरेच कमी होते. डेल्टा आणि अमेरिकन यांनीही मग तोच मार्ग धरला. मी नोकरीत जमीन, यंत्रे, सोने असे तारण पाहिले. पॉइंट योजना तारण ठेवता येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

बँका पॉइंटचे पैसे आणतात कुठून? काही व्यापाऱ्याने कार्डाच्या व्यवहारावर भरलेल्या शुल्कातून, काही कार्डाच्या वार्षिक फीमधून आणि बरेचसे बिल पूर्ण न भरणाऱ्यांच्या व्याजातून. हे व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही अधिक असते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के किंवा अधिक. एकाच्या फुकट तिकिटाचा खर्च असा बऱ्याचदा दुसऱ्याच्या व्याजातून निघतो.

कंपनीच्या ताळेबंदात न वापरलेले पॉइंट देणे म्हणून दिसतात. समजा तिकीट १०,००० रुपयांचे आणि त्यासोबत दिलेल्या पॉइंटचे मूल्य ५०० रुपये. लेखा मानकांनुसार त्या १०,००० पैकी सुमारे ४७६ रुपये कंपनीला लगेच उत्पन्नात धरता येत नाहीत. पॉइंट वापरले जाईपर्यंत ते बाजूला ठेवावे लागतात. मात्र काही सभासद पॉइंट कधीच वापरणार नाहीत, असा अंदाज धरण्याची मुभा असते. आपण विसरलो किंवा मुदत संपली, तर ती रक्कम कंपनीची कमाई होते. पॉइंट महाग करण्यात कंपनीचा फायदा कुठे, हे यावरून कळेल.

आपल्या देशातच या पॉइंटचे तीन वेगवेगळे शेवट आपण पाहिले आहेत. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट कागदावरच राहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. आपल्या इंदूरलाही जेटची विमाने येत असत, त्यामुळे अनेकांकडे तिचे कार्ड होते. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत होती आणि त्या कंपनीत एतिहादचा निम्म्याहून अधिक हिस्सा होता. म्हणून विमाने गेली तरी पॉइंट वाचले आणि योजना इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. तिसरी विस्तारा. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट एकास एक दराने महाराजा क्लबमध्ये गेले. पॉइंटचे काय झाले हे तिन्ही वेळा कंपनीची रचना आणि मालक यांवर ठरले. सभासद किती वर्षे निष्ठावान होता याला त्यात काही किंमत नव्हती.

अलीकडचा मोठा बदल म्हणजे मोजमापच बदलले. पूर्वी किती अंतर उडालात त्यावर पॉइंट मिळत, आता किती पैसे खर्च केलेत त्यावर मिळतात. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये हे केले, एअर इंडियाने २०२४ मध्ये. आपल्यासारखे निवृत्त लोक दोन-तीन महिने आधी स्वस्त तिकीट काढतात. त्यांच्या वाट्याला आता पॉइंट कमीच येणार. ऐनवेळी कंपनीच्या खर्चाने महाग तिकीट काढणाऱ्याला मात्र भरपूर.

इंडिगोने अनेक वर्षे अशी योजना ठेवलीच नव्हती. तिनेही २०२४ मध्ये ब्लूचिप सुरू केली. आज देशांतर्गत दहा प्रवाशांपैकी साधारण नऊ जण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानातून जातात. दुकाने दोनच उरली की गिऱ्हाइकाला धरून ठेवण्यासाठी दुकानदाराला फार काही द्यावे लागत नाही. अमेरिकेत सरकारच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या विमान कंपन्यांकडून त्यांच्या पॉइंट योजनांची माहिती मागवली. पॉइंटचे मूल्य परस्पर कमी होते का, हा त्यातला एक मुद्दा होता. आपल्याकडेही असे नियम व्हायला हवेत. दर बदलण्यापूर्वी किमान सहा महिने सूचना आणि वारसाला पॉइंट मिळण्याचा हक्क, एवढे तरी असावे.

ते होईपर्यंत आपल्या हाती हिशेब आहे. समजा एक तिकीट ६,२०० रुपयांचे आहे. तेच १०,००० पॉइंट आणि १,२०० रुपये भरून मिळते. म्हणजे १०,००० पॉइंटनी ५,००० रुपये वाचवले आणि एका पॉइंटची किंमत ५० पैसे झाली. कार्डावर १०० रुपयांना २ पॉइंट मिळत असतील, तर तेवढे जमवायला ५ लाख रुपये खर्च करावे लागतील. त्याच कार्डाची वार्षिक फी ५,००० असेल, तर हाती शून्य. आणि एका महिन्याचे बिल थकले तर तोटा. हॉटेलांच्या पॉइंटनाही हाच हिशेब लावावा.

जमलेले पॉइंट पुढच्या प्रवासातच वापरून टाकावेत, नातवाच्या लग्नासाठी राखू नयेत. मुदत कधी संपते ते डायरीत लिहावे आणि खात्याची माहिती घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावी. "तुमचे पॉइंट आज संपणार, लिंक दाबा" असा संदेश आला तर तो पुसून टाकावा. अशा लिंकवरून अनेकांची खाती रिकामी झाली आहेत.

त्या ज्येष्ठ सभासदांनी शेवटी दिवाळीसाठी पुण्याची दोन तिकिटे त्या पॉइंटमधून काढली. मुलीकडे जाण्यासाठी त्यांनी बँकेत आवर्ती ठेव सुरू केली आहे.