मीलवर्म पुरेसे नाहीत



‘बिअर्डेड ड्रॅगनला रोज मीलवर्म घातले की झालं’ हे मागच्या अंकातलं विधान चुकीचं आहे. मीलवर्ममध्ये प्रथिनं आहेत, तेवढं मान्य. पण त्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. या सरड्याला हवं नेमकं उलट, कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण २:१. रातकिड्यांचंही मीलवर्मसारखंच, म्हणून त्यांना आदल्या दिवशी पालेभाजी खाऊ घालायची आणि देताना कॅल्शियमची पूड लावायची. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. लेखात तिचं नावही नाही! आणि यूव्हीबी दिवा नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

आमचं पहिलं पिल्लू निव्वळ मीलवर्मवर वाढलं. काही महिन्यांत त्याचे मागचे पाय थरथरू लागले. जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा लवायचा. ते वाचलं नाही.

‘अंगणातले किडे फुकट मिळतात’ हा सल्ला तर घातकच. इथे जूनच्या संध्याकाळी गवतावर काजवेच काजवे असतात, मुलं ते बरणीत धरतात. असा एक काजवाही या सरड्याचा जीव घेऊ शकतो.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी