आकडा चमकतो म्हणून खरा नसतो!

मंडळी, परवा टपरीवर वाद रंगला. एकजण म्हणे, हवेचं मीटर घ्यायचं तर डिजिटलच, काट्याचा जमाना गेला. दुसरा म्हणे, सेल संपला की तुझं डिजिटल म्हणजे खेळणं. मी दोघांना विचारलं, गाडीची हवा शेवटची कधी मोजली? दोघंही गप्प!

मी दोन्ही वापरलीत, म्हणून स्पष्ट लिहितो. डिजिटल अंधारात दिसतं, वाचायला सोपं. पण ३२.५ असा पॉइंटातला आकडा आला म्हणजे तो बरोबरच, असं नाही. काट्याचं मीटर आपटलं तर बिघडतं, हे खरं. पण काटा शून्यावर परत आला नाही तर निदान दिसतं तरी. डिजिटल बिघडलं तरी त्याच रुबाबात आकडा दाखवतं. त्यामुळे माझं मत चांगल्या डायलच्या मीटरला. पेनासारखं स्वस्तातलं मात्र नको.

आता खरा मुद्दा. गेल्या आठवड्यात तीन पंप फिरलो. प्रत्येक ठिकाणी आधी माझ्या मीटरने मोजलं, मग त्यांच्या. एका ठिकाणी आकडा जुळला. दुसरीकडे पंपाचं मीटर २ पीएसआय कमी दाखवत होतं. तिसरीकडे चकाचक डिजिटल मशीन, पण माझ्या २८ ला ते ३३ सांगत होतं! माझं मीटर चुकीचं असेल, मान्य. पण मग तिघांचा फरक सारखा यायला हवा होता ना?

हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते, टायर तापतो आणि फुटतो. आपल्या पोरांना ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर ताशी १२० ने जायचंय. त्या मशीनवर विसंबून ३३ भरून निघालेला माणूस प्रत्यक्षात २८ वर पळतोय, आणि त्याला पत्ताच नाही.

भाजीवाल्या मावशीच्या तराजूला शिक्का आहे का, हे बघायला वैधमापनचे साहेब येतात. तोच कडकपणा पंपावरच्या हवेच्या मीटरला का नाही? मोफत हवा देणं पंपाला बंधनकारक आहे. मोफत आहे म्हणून चुकीची चालेल का? तपासणीची तारीख मशीनवर लिहा, एवढीच मागणी आहे.

तोवर आपलं आपण बघा. मीटर घरचं ठेवा. सकाळी, गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोच पाळा. ‘उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा’ हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. कमी हवेनेच टायर जास्त तापतो. आणि हो, स्टेपनी विसरू नका.

तुमच्या मीटरचा आणि पंपाचा आकडा कमेंटमध्ये टाका. पंपाचं नाव नको, फक्त फरक लिहा. यादी घेऊन मी स्वतः साहेबांकडे जातो.