‘फीचरिंग’ म्हणजे कोण?

‘लेखक कोण?’ हा प्रश्न साहित्यचर्चेत आता गुळगुळीत झाला आहे. नृत्यसंगीतात मात्र तो मानाचा आणि पैशांचा प्रश्न म्हणून दीर्घकाळ धगधगत राहिला.

१९९० च्या सुमारास ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन समूहाच्या अनेक गाण्यांत आवाज होता मार्था वॉशचा. चित्रफितीत मात्र ओठ हलवीत होती एक मॉडेल. श्रेयासाठी वॉशला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

पुढे बाजाराचीच घडी बदलली. २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडले आणि ९९ सेंटना सुटे गाणे मिळू लागले. २००५ पासून ‘बिलबोर्ड’च्या मुख्य क्रमवारीत डाउनलोडची विक्रीही मोजली जाऊ लागली. आल्बमच्या वेष्टनावरील श्रेयनामावली मागे पडली. उरली पडद्यावरची एक ओळ. त्या ओळीत दोन नावे असली, तर दोघांचेही चाहते गाण्यापाशी येणार, हे उघड होते. २००९ मध्ये डेव्हिड गेत्ताने केली रोलंड आणि एकॉन यांना सोबत घेतले. २०११ च्या ‘वी फाउंड लव्ह’मध्ये तर रिहाना यजमान आणि संगीत रचणारा कॅल्विन हॅरिस पाहुणा ठरला, हे गाणे अमेरिकेत १० आठवडे अग्रस्थानी होते.

या युतीला निव्वळ धंदेवाईक क्लृप्ती म्हणून मोडीत काढणे मला अपुरे वाटते. एकेकाळी दडवलेला आवाज याच व्यवहारामुळे शीर्षकापर्यंत पोहोचला. ‘टायटॅनियम’ (२०११) सियाने दुसऱ्या गायिकेसाठी लिहिले होते. गेत्ताने तिचा नमुन्यादाखल मुद्रित केलेला आवाजच कायम ठेवला आणि शीर्षकात तिचे नावही आले.

परंतु हे नाव हक्काचे होते असे म्हणवत नाही. ‘वेक मी अप’ (२०१३) ॲलो ब्लॅकने गायिले, त्याच्या लेखनातही त्याचा वाटा होता. तरी शीर्षकापुढे नाव एकट्या अविचीचे. नाव विक्रीला उपयोगी असेल, तोवरच त्याला जागा!

आपल्या अभंगांत कवी नाममुद्रा स्वतःच ओवतो. ती काढली तर चरण मोडतो. गायकाचे नाव मात्र सहज गाळता येते, गाणे तसेच वाजत राहते. म्हणूनच या गाण्यांचा संहिता म्हणून विचार करताना श्रेयाची ती ओळही संहितेचा भाग मानली पाहिजे, आणि तीत कोण नाही हे आधी वाचले पाहिजे.